साखराबाईचं खरेदीखत

२२ एप्रिल २००३, मंगळवार

घरमालक आज परत आले. हातात टेप! आमच्या झोपायच्या खोलीत खाटा चार बसतात की पाच, ते मोजून राहिले होते — मी समोर उभी असताना! "मॅडम, जूनला बारावीची पोरं येतात. तुम्ही बघा आता कुठं तरी." बघा म्हणे! लग्न झाल्यापासून या घरात राहतोय, आणि शेवटी हरलो कुणापुढे, तर खाटांपुढे. बाहेरगावच्या पोरांनी लातुरात येऊन डॉक्टर व्हावं, आणि लातूरच्या मास्तरणीनं बिऱ्हाड पाठीवर घ्यावं. छान!

श्रीनाथ म्हणाले, "देविका, चिडू नकोस." नवऱ्यांना हे एकच वाक्य शिकवतात की काय!

ठरलं. आता भाड्याचं नाही. स्वतःचं घर, आणि तेही शाळा सुरू व्हायच्या आत. भिंतीत खिळा ठोकायचा तर कुणाला विचारावं लागू नये, एवढंच मागणं आहे माझं.

२७ एप्रिल, रविवार

सापडलं!! दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे अंगण, अंगणात जाई. वर स्लॅब, मागे एक पत्र्याची खोली. मालक शेषेराव, शेतकरी माणूस, औश्याकडच्या एका खेड्यातला. घर का विकता, विचारलं. म्हणाले, "मॅडम, स्लॅबखाली डोळा लागत न्हाई. भूकंपापासून असंच. वर बघतच ऱ्हातो." म्हणून एवढं पक्कं घर असून हे गृहस्थ मागे पत्र्यात झोपतात! आता गावी जायचंय, शेतात पत्र्याचंच घर बांधायचंय.

घर त्यांच्या नावावर नाही हं — बायकोच्या! साखराबाईंच्या. सासऱ्यांनी ब्याण्णवला लेकीच्या नावानं घेऊन दिलं. साखराबाई चहा घेऊन आल्या, तेव्हा मी म्हटलं, "नशीबवान आहात हो! आमच्या नावावर तर गॅससुद्धा नाही." त्या नुसत्या हसल्या. अबोल आहे बाई.

४ मे, रविवार, अक्षय्य तृतीया

इसार दिला! मुहूर्त साधला. वकील माधवराव श्रीनाथांचे लांबचे मामा लागतात, त्यामुळे आमरस-पुरीचं जेवण झाल्यावर कायदा. जुन्या खरेदीखतातली चतुःसीमा त्यांनी खणखणीत आवाजात वाचली — पूर्वेस रस्ता, पश्चिमेस मोकळी जागा, दक्षिणेस गणपतराव यांचा गोठा, उत्तरेस चिंचेचं झाड. मी मध्येच म्हटलं, "मामा, मोकळ्या जागेत आता फिजिक्सचे क्लास आहेत, गोठ्यात केमिस्ट्री, आणि चिंचेच्या जागी झेरॉक्सचं दुकान." मामा म्हणाले, "सीमा बदलल्या तरी मालक बदलला नाही ना? मग झालं!"

पेपरात नोटीस द्यायची — कुणाची हरकत असेल तर कळवा म्हणून. मामा म्हणाले, एकदम स्वच्छ व्यवहार आहे. नाव जुळतं, रेशनकार्ड जुळतं, बाई समोर बसलेली आहे. अजून काय पाहिजे?

१३ मे, मंगळवार

हरकत कुणाचीच नाही! पडद्याचं कापड घेतलं, पिवळंधमक. श्रीनाथ म्हणतात डोळ्यात येतं. येऊ दे!

१६ मे, शुक्रवार

हात दाखवून अवलक्षण! कुठून दुर्बुद्धी सुचली आणि विचारायला गेले!

पडद्यांचं माप घ्यायला गेले होते. शेषेराव गावी. साखराबाई धपाटे थापून राहिल्या होत्या, मलाही बसवलं. आतल्या खोलीत एक फोटो, हार घातलेला — तरणीताठी बाई, नाकात मोरणी. सहज विचारलं, "या कोण? नणंद का?"

"ही साखराबाई की."

मला हसूच आलं. "आणि मग तुम्ही?"

"मी बी," त्या म्हणाल्या, आणि धपाटं उलटलं.

पहिली साखराबाई त्र्याण्णवच्या भूकंपात गेली, गावच्या घरात. तिची मुलगी साक्षी चार वर्षांची होती, गणपतीला मामाकडे उदगीरला गेलेली, म्हणून वाचली. तिकडेच वाढली. वर्षाच्या आत शेषेरावांचं दुसरं लग्न झालं आणि ही आली. लग्नात नाव ठेवलं — साखराबाई! तेच!

मी म्हटलं, "अहो, पण तेच का?"

"मालकाच्या अन् सासूच्या तोंडात बसल्यालं नाव. म्हणाल्या, सवय कशाला मोडायची?"

सवय! काय बाई ही माणसं! नाव तर माझंही बदललं लग्नात, पण निदान कोरं तरी मिळालं. हिला मेलेल्या बाईचं, वापरलेलं. आणि ती असं सांगत होती जसं काही जाऊबाईंचं लुगडं नेसायला दिलं. मला वाईट वाटलं. खूप वाटलं. धपाटं तसंच ताटात ठेवून निघाले.

मग रिक्षात बसल्यावर डोक्यात लख्ख उजेड पडला. घर कुणाच्या नावावर? पहिलीच्या! ब्याण्णव साली ही कुठं होती? रेशनकार्डात तर नाव बदलायचीही गरज पडली नाही. कुणी लपवलं नाही, कुणी फसवलं नाही. साखराबाई होती, साखराबाई आहे. कुणाला शंका यावी तरी कशी!

माप घ्यायचं राहिलंच.

१७ मे, शनिवार

मामांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "देविका, हे तू मला सांगितलेलं नाहीस."

"आत्ता सांगितलं की, मामा!"

"नाही सांगितलंस."

मग हळूच म्हणाले — पहिलीच्या माघारी अर्धं घर नवऱ्याचं, अर्धं मुलीचं. मुलगी अज्ञान, म्हणजे अठराच्या आतली. तिचा वाटा विकायचा तर कोर्टाची परवानगी. किती दिवस? मामांनी छताकडे बोट केलं. म्हणजे देवाला माहीत.

शेषेरावांना बोलावलं. ते भडकले नाहीत, उलट गोंधळले. "पोरगी माझीच हाय की! तिचं लगीन मीच करणार न्हवं? मग तिचा वाटा अन् माझा वाटा येगळा कसा?" खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटतं. मामा म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची." श्रीनाथ चिडू नकोससुद्धा म्हणाले नाहीत.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला घर पाहिजे. लिहून ठेवते, इथे कुणाशी खोटं बोलायचं? मला ते घर पाहिजे, जाईसकट. मी म्हटलं, "रजिस्ट्रीची तारीख घ्या."

२१ मे, बुधवार

परत माप घ्यायला गेले. (या वेळी टेप पर्समध्ये, तोंडाला कुलूप!) तर दारात एक पोरगी. साक्षी! सुटीत आलीय उदगीरहून. नववी झाली, दोन घट्ट वेण्या, बोलायला रेल्वे. साखराबाईंना 'मावशी' म्हणते. मावशी तिच्या केसांना तेल लावून राहिल्या होत्या.

मी शिक्षिका आहे कळल्यावर तिनं मला सोडलंच नाही. बायोलॉजीला कुठला क्लास चांगला? अकरावीला किती टक्के लागतात? मी म्हटलं, लातुरात राहायचं म्हणजे खर्च फार, मुली एका खोलीत चौघी-चौघी राहतात.

"मला कशाला खोली?" पोरगी म्हणाली. "आईचं घर हाय की माझ्या!"

साखराबाईंचा हात तिच्या केसांत थांबला. त्या माझ्याकडे बघत होत्या. मी टेप काढला आणि खिडकी मोजत बसले. तिला कुणी काही सांगितलेलंच नाही. मीही सांगितलं नाही.

२२ मे, गुरुवार

पडदे शिवायला टाकले. शिंपी म्हणाला, "रंग भारी आहे, ताई." मला आज तो डोळ्यात आला.

२५ मे, रविवार

सामान बांधून राहिलोय. भांड्यांची पोती झाली, पुस्तकं झाली. घरमालकांनी तर कमालच केली — खाटा आणून गच्चीवर रचूनही ठेवल्या! श्रीनाथांनी जेवताना विचारलं, "तुला बरं वाटतंय ना?" मी म्हटलं, उन्हाचा त्रास. ते म्हणाले, "मलाही तोच त्रास होतोय." मग दोघंही खिचडी चिवडत बसलो.

त्या मुलीला लग्नात चांगला आहेर करीन, असं मनाशी ठरवलं. काय पण मोठेपणा माझा! लाज वाटते. तरी उद्या रजिस्ट्रीला जाणार आहे.

२६ मे, सोमवार

रजिस्ट्री झाली नाही.

रजिस्ट्रारसाहेबांनी मान वर न करता विचारलं, "बाई, पूर्ण नाव सांगा." शेषेराव म्हणाले, "साखराबाई, साहेब." साहेब म्हणाले, "त्यांना सांगू द्या."

"चांगुणा," ती म्हणाली. "साखराबाई वारली, साहेब, भूकंपात. घरात तिच्या पोरीचा वाटा हाय. धा वर्सं तिच्या नावानं भाकरी खाल्ली, पर तिची सही मी करणार न्हाई."

शेषेराव मटकन बाकावर बसले. मामांनी बॅग बंद केली. बाहेर आलो, तर ती पायरीवर उभी, पदर घट्ट धरून. "मॅडम, तुमचं घर गेलं की वो."

गेलं. आणि मला इतकं हलकं वाटलं!

म्हटलं, "चांगुणाबाई, चला, चहा घेऊ."

"ओ," ती म्हणाली, आणि तिथंच रडायला लागली.