काठी बाकाखाली राहिली

मंगळवार, १६ जानेवारी २००१
गोंडपिपरी

आज यांना अपंगत्वाच्या पेन्शनसाठी चंद्रपूरला नेलं. फौजेचे डॉक्टर तपासायला आले होते. नोकरीत असताना बर्फात यांच्या पायांची बोटं गेली. आता धानाच्या बांधीत घटकाभर उभं राहवत नाही. वर्षभर कागद जमवले मी. आणि नाव पुकारलं तसं यांनी काठी बाकाखाली सरकवली, ताठ चालत आत गेले. मी अडवायला हवं होतं का?

दारातून ऐकू आलं. डॉक्टरांनी विचारलं, "काम जमतं का?"

"जमते, साहेब."

झालं. 'कामास योग्य' असा शेरा पडला.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "खोटं काऊन बोलले?"

म्हणाले, "वर्दीवाल्याच्या समोर काठी टेकत जाववलं नाई मले."

रागवावं की रडावं, कळेना. काठी मीच उचलली. बसच्या पायरीवर मात्र पाय चढेना, तेव्हा माझा खांदा धरला त्यांनी.

घरी येऊन अपिलाचा अर्ज मीच लिहिला : 'मी कोणतेही काम करू शकत नाही.' वाचून दाखवू का, विचारलं. नको म्हणाले. भिंतीकडे बघत राहिले आणि मग सही केली.