चपला न काढायचं वाचनालय

बाबा, तुमचं वाचनालय बांधलं मी. जपानमध्ये, टोकियोजवळच्या एका बंद पडलेल्या शाळेच्या जिममध्ये, कलाप्रदर्शनासाठी. लाकूड आणि कागद, एवढंच. भिंत नाही, दार नाही. गुडघ्याएवढा उंच, ऐसपैस लाकडी ओटा, वर छप्पर आणि मधोमध पुस्तकं. तुमच्या नकाशात होतं तस्संच. २०११च्या मोठ्या भूकंपानंतर इथे असल्या कामांची तपासणी फार कडक झालीये, पण एक सांधा हलला नाही. तुमची मुलगी आहे म्हटलं!

तुमची अट एकच: चपला घालून थेट वर येता आलं पाहिजे. बाजारातून निघालेला माणूस पिशवीसकट टेकेल, दोन पानं वाचेल, जाईल. चपला काढायला लावल्या की बुजरा माणूस बाहेरूनच परततो, हे तुमचं ठाम मत. गावच्या कमिटीने चपलांचं कपाट मागितलं आणि तुम्ही नकाशा गुंडाळून घरी आलात. आई कणीक मळतेय, तुम्ही तिच्याच पिठाच्या डब्याने नकाशाचं टोक दाबलंय, आणि मी म्हणते, "द्या ना एक कपाट, बाबा. काय बिघडतं?" तुम्ही कडाडलात, "आज कपाट, उद्या दार, परवा कुलूप! तुला काय कळतंय त्यातलं?" वाचनालय झालंच नाही. पुढची कितीतरी कामं अशीच कागदावर राहिली. मला तुमचा राग यायचा आणि अभिमानही वाटायचा, मेलं दोन्ही एकदमच.

पहिल्या दिवशी मी जपानीत मोठी पाटी लावली: बूट घालूनच वर या. माणसं यायची, पाटी वाचायची, मान डोलवायची आणि काठाशीच थबकायची. कुणी म्हणजे कुणी चढेना. इथे लाकडाच्या उंच जमिनीवर बूट घालून चढणं म्हणजे आपल्याकडे चपलांनी देवघरात शिरणं. इतकी वर्षं इथे राहून हे मला सुचू नये! शेवटी एका आजींनी माझ्याकडे बघून "सुमिमासेन" म्हणत माफी मागितली, बूट काढून नीट जोडीने ठेवले आणि वर जाऊन बसल्या. त्यांच्यामागून दुसरे, तिसरे. मदतीला असलेल्या बाईंनी हळूच विचारलं, "पाटी आणखी मोठी करायची का?"

"नको," मी म्हटलं, "काढाच ती." आणि शाळेच्या दारातलं बुटांचं जुनं कपाट आम्ही दोघींनी ओढत आणून ओट्याला लावलं.

मग काय विचारता! लोक मांडी घालून बसले, पालथे पडून वाचत राहिले. उठायचं कुणी नावच घेईना. संध्याकाळी बंद करायची वेळ झाली, तेव्हा अक्षरशः हात जोडून उठवावं लागलं.

तुमची अट मोडली मी, बाबा, आणि मला जराही वाईट वाटत नाहीये. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, तेही बरंच आहे. कारण तुम्ही हयात असता, तर कपाटाला हात लावण्याआधी मी तुम्हाला फोन केला असता. तुम्ही 'नाही' म्हणाला असतात. आणि मी ऐकलं असतं.