टाकीसमोरची खुर्ची

रत्नागिरी,
१९ जानेवारी २०२५

चि. दीपक यास ताईचे अनेक आशीर्वाद.

बाबांना दवाखान्यातून घरी आणून तीन आठवडे झाले आणि मी तुला एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल रागावू नकोस. फोनवर बोलतो आपण, पण फोन बाबांच्या उशाशी असतो. त्यांच्यादेखत काय बोलणार?

उजवा हात आणि पाय तसेच आहेत. बोलणं आलेलं नाही. पेज चमच्याने घेतात. झटका आल्यावर लगेच आणलं असतं तर इंजेक्शन देता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

तुझे गार्डन ईल ठीक आहेत. दिवाळीत तू टाकी लावलीस तेव्हा मी नाक मुरडलं होतं. समुद्र दारात असताना घरात खारं पाणी कशाला? पण होडी विकल्यापासून बाबा पहिल्यांदाच कशात तरी रमले. वाळूत शेपटी रोवून उभे राहणारे ते पेन्सिलीएवढे मासे, माणूस जरा हलला की बिळात जातात, म्हणून बाबांनी त्यांना लाजाळू हे नाव दिलं. मी तीन वेळा खाणं घालते, पाण्याचा खारेपणा वहीत लिहिते.

जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी ताई,
निशिगंधा

डोंबिवली,
२५ जानेवारी २०२५

ती. ताईस दीपकचा शि. सा. नमस्कार.

पत्र पोचलं. तू म्हणजे दुधाचं पातेलं उतू गेलं तरी वेळ टिपून ठेवणारी. टाकीच्या वहीत माशांनी किती वाजता खाल्लं तेही लिहितेस. मग त्या दिवशी बाबा टाकीसमोरच्या खुर्चीत कधी बसले आणि तुला कधी कळलं, एवढंच कसं नाही लिहिलंस? चारदा फोनवर विचारलं, चारदा तू औषधांचं सांगितलंस.

दोष द्यायला विचारत नाही. ‘मासे घाबरतात, दार उघडू नये, आवाज करू नये’ हा कागद बाबांच्या खोलीच्या दारावर मीच चिकटवला होता. मला झोप लागत नाही. पुढच्या महिन्यात येऊन टाकी घेऊन जातो.

रागावलीस तरी उत्तर पाठव.

तुझा,
दीपक

रत्नागिरी,
२ फेब्रुवारी २०२५

चि. दीपक यास अनेक आशीर्वाद.

बाबा चार वाजता खुर्चीत बसले. पाचला शेजारची मथुराकाकू बांगडे घेऊन आली. तिने दार किलकिलं करून त्यांना हाक मारली आणि मला म्हणाली, “गंगारामदादा बोलत नाय गो.” मी हसून तिला सांगितलं, की टाकीसमोर बसले की ते कोणाशीच बोलत नाहीत. दार मीच ओढून घेतलं.

साडेसहाला दिवा लावायला गेले. अठराच्या अठरा मासे बाहेर होते, पुरते उंच, वाऱ्यावर भात डोलावा तसे. एवढे एकदम कधीच आले नव्हते. दीपक, मला आनंद झाला. ते आत जाऊ नयेत म्हणून मी उंबऱ्यातच थांबले. मिनिटभर असेल, जास्तही असेल. मग बाबांच्या हातातून पडलेला खाण्याचा ड्रॉपर दिसला.

पाचला मी आत गेले असते तर? डॉक्टरांना विचारायचं धाडस अजून झालेलं नाही. तुला लिहिलं नाही ते विसरले म्हणून नव्हे.

कागद फाडून टाकला. त्याचा दोष स्वतःकडे घेऊ नकोस. दार कागदाने लावलं नव्हतं.

टाकी मात्र नेऊ नकोस. बाबांची खाट तिच्यासमोर आणली आहे, ते दिवसभर तिकडेच बघतात. मासे आता त्यांना बुजत नाहीत. का, ते तुला सांगायला नको.

हे वाचूनही माया उरली असेल तर ये.

तुझी,
ताई

ता. क. उद्या सुताराला बोलावून बाबांच्या खोलीचं दार बिजागरीतून काढायचं आहे.