पायाची दोन बोटं

१२ मार्च

वहीबाई, परवा काय सांगितलं ते ध्यानात हाय का? न्हाई! पान उलटलं की मागचं विसरलीस. आमच्या नानासोभावजींसारखीच. म्हणून पुन्यांदा सांगते.

मी राहीबाई. अक्षराची नि माझी ओळख न्हाई. मी बोलते, नात साक्षी लिहिते. बोलते तसंच लिही म्हटलंय, शाळेतलं करू नगं. गालात हसतीय बघ.

तर — माझा नातू वीरधवल, साक्षीचा थोरला भाऊ. एकोणीस सरलं. साताऱ्याला भरतीच्या अकॅडमीत रोज जाऊन-येऊन पळतोय. फौजेत जायचं ठरलंय, पण पलटण, नेव्ही का विमानं, ते ठरंना. नानासोभावजी, म्हंजे माझे धाकटे दीर, म्हणतात, "बापाची पलटण! दुसरं नाव काढायचं न्हाई." सून क्रांती सांगलीला पतपेढीत नोकरीला. ती फोनवर म्हणते, "एअर फोर्स भर. तिथं जीवाला धोका कमी." विमानात बसून धोका कमी! तिला एसटीत बसलं तरी उलटी होते.

आज पोरगं माझ्या पायाशी बसलं. "आज्जी, तू सांगशील तेच भरतो."

घ्या! मला एसटीची पाटी वाचता येत न्हाई, नि ह्याला कुठं जा म्हणून सांगू?

१५ मार्च

भाकरी ताटात तशीच. साक्षी म्हणते, दाढ दुखतीय. म्हणू दे.

१९ मार्च

सयाजीचे कागद फॉर्मला लागतात म्हणून काळी पेटी उघडली. सयाजी माझा लेक, ह्या दोघांचा बाप. पलटणीत होता. बर्फातल्या चौकीवर गोळी लागली, त्याला पंधरा वरसं झाली. तवा ही पेटी घरी आली. वर पांढऱ्या रंगात नाव नि नंबर. मला वाचता येत न्हाई, पण तो नंबर बोटानं गिरवता येतो.

भावजी आले होते. पेटीकडं बघून आवाज चढवला, "ह्या घरातली पहिली गोळी दादानं पायावर झेलली. दुसरी सयाजीनं छातीवर. वीरधवल, रक्तच हाय तसलं तुझं!"

दादा म्हंजे माझे मालक, तेबी फौजेत होते. पोरगं ताठ झालं. मी पेटीचं झाकण लावलं.

तिसरी कुठं झेलायची, ते काय भावजी बोलले न्हाईत.

२७ मार्च

गावची जत्रा. रश्श्याच्या हंड्यापाशी वीरधवल. चारशे माणूस जेवलं! डावातला थेंब पालथ्या हातावर घेऊन चाखत होता. त्याचा आजा तसाच चाखायचा. ह्याला कुणी शिकवलं? आजा गेला तवा हा जन्मलाबी नव्हता.

पळताना ह्या पोराचं तोंड असं उजळलेलं कवा दिसलं न्हाई.

म्हटलं, "आरं, एवढं आवडतं व्हय?"

म्हणाला, "आज्जी, फौजेत आचारीबी घेतात. आर्मीत घेतात, नेव्हीत घेतात." मग खाली बघून, "पण आजोबानं गोळी खाल्ली, बापानं खाल्ली, नि मी कांदा चिरत बसू? नानाआजोबा तोंड दाखवू देतील का?"

तोंडात रस्सा होता. लय तिखट! डोळ्याला पाणी आलं ते त्याचंच.

३ एप्रिल

फॉर्मची शेवटची तारीख दहा.

पेटीच्या तळाशी ह्यांचं फौजेचं बुक निघालं. 'ह्यांचं' म्हंजे मालकांचं, नाव मी घेत न्हाई. साक्षीला म्हटलं, वाच. गाव वाचलं, उंची वाचली, छाती वाचली. मग थांबली.

"काम काय लिवलंय?"

"शिपाई, आज्जी." भर्रकन म्हणाली. कानाच्या पाळ्या लाल!

पोरी, माझ्यासाठी खोटं वाचलंस. खाली बस नि आता खरं लिही.

तिथं लांगरी लिवलंय. फौजेच्या लंगरातला आचारी. मला पन्नास वरसं ठाऊक हाय. बेळगावला क्वार्टरात दोन महिने राहिले तवा डोळ्यानं बघितलंय. मनगटभर तेलाचे चटके, अंगाला कांद्याचा वास.

नि गोळी? गोळी लागलीच न्हाई! वरच्या चौकीला डाळीचा डबा पाठीवरनं नेताना बर्फानं पायाची दोन बोटं गेली. सुट्टीला लंगडत आले. भावजी तवा पोरसवदा, दात काढून म्हणाले, "वहिनी, भाकरी करपली म्हणून दादानं मार खाल्ला व्हय?" माझ्या तोंडातनं गेलं, "गोळी लागलीय त्यास्नी!" हे भाकरी मोडत बसले. त्यांनी कवा खोडून काढलं न्हाई, मीबी न्हाई.

ती गोळी गावभर फिरली, लांगरी विसरला गेला. सयाजी सात वरसांचा असताना पायाला फडकं गुंडाळून बापासारखा लंगडायचा. "मी आबा! मला गोळी लागली!" मी हसायचे. हसायचे गं! त्या गोळीमागनंच तो पलटणीत गेला.

साक्षी लिहायची थांबलीय. थांबू नगं.

४ एप्रिल

वीरधवलला सांगितलं. भावजींना समोर बसवून सांगितलं.

भावजी म्हणाले, "आवं वहिनी, पन्नास वरसं मी पारावर ती गोळी सांगतोय!"

"मग हितनं पुढं डाळ सांगा. ती खरी हाय."

भावजींनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग हळूच, "डबा किती वजनाचा होता?"

पोराला म्हटलं, सल्ला मागितलास न्हवं? घे — नेव्ही भर. जहाजावरचा आचारी हो. तिथं बर्फ नसतो.

वीरधवल पेटीवरच्या नंबरावर हात ठेवून बसला.

१० एप्रिल

फॉर्म गेला. काय भरलं ते सांगंना. सयाजीबी सांगून गेला नव्हता.

१८ ऑक्टोबर, दुसऱ्या वर्षीचा

वहीबाई, दीड वरस तुला पेटीत मीच कोंडलं. निकाल कळला नि बोलावंसं वाटंना.

आज फोन आला. पोरगं पोचलं. जहाजावर न्हाई — बापाच्या पलटणीत, बर्फातल्या चौकीवर, आजाच्या जागी लांगरी! माझं ऐकलं ते निम्मंच. "आज्जी, दोन-दोन मोजे घालतो," म्हणतो. "वीस जण हाय आमी. एवढ्या उंचीवर तोंडाला चवच लागत न्हाई."

साक्षे, लाडू नगंत. कांदा-लसणाची चटणी पाठव, वीस जणांना पुरंल एवढी. लय तिखट कर. डोळ्याला पाणी आलं, तर चटणीचं हाय म्हणता येतं.