फ्रीझरमधला फणस

तंजावूर,
वैशाखातला शनिवार

प्रिय सौम्या,

परवा फोनवर तू सरळच विचारलंस, जून लागायच्या आत पुण्याला कायमची येतेस की नाही, हो किंवा नाही एवढंच सांग. मी 'बघते' म्हणाले आणि तू चिडून फोन ठेवलास. तुझं चिडणं बरोबर आहे. तू खोली रंगवून ठेवलीस, गिरीशरावांनी पलंग आणला, आणि मी इथे कशाला चिकटून बसले आहे ते तुला कळेना. तुला उत्तर देते, पण फोनवर नाही. फोनवर मी नुसती शिंकले तरी मागून गिरीशराव 'आई, काढा घ्या' म्हणतात. हे फक्त तुझ्यासाठी आहे. आणि उत्तराच्या आधी मला पोटातली किळस बाहेर काढू दे, महिनाभर तोंड दाबून बसले आहे.

आपल्या फ्रीझरमध्ये सध्या फणस राहतो. हो, आपल्याच. ज्या फ्रीझरमध्ये तुझ्या अप्पांच्या हयातीत बर्फाच्या ट्रेखेरीज काही शिरलं नाही, आणि तो ट्रेसुद्धा मी गरम पाण्यानं धुऊन ठेवायचे, त्याच्यात आता पिवळा बुळबुळीत बरका फणस स्टीलच्या टंबलरांत गोठून बसलेला असतो. दार उघडलं की वास तोंडावर येतो. बर्फाला तोच वास, ताकाला तोच. काल सकाळी मी कॉफीचा पहिला घोट घेतला आणि तो तसाच मोरीत थुंकला. कॉफीला फणसाचा वास! या गावात याहून मोठं पाप नाही.

हे सगळं समोरच्या गुरुमूर्तींमुळे. पोंगलला तू आली होतीस तेव्हा मोपेडवर शहाळी बांधून आले होते बघ, जाड चष्म्याचे, तेच. आपल्यातलेच, तंजावूरचे मराठी आहेत, ओरत्तनाडूच्या तालुका कचेरीतून रिटायर झाले, बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. लहानपणी हातगाडीवरची कुच्ची ऐस, म्हणजे तुमच्याकडे गारेगार म्हणतात ते, त्यांना वडिलांनी कधी खाऊ दिलं नाही, कुठल्या पाण्याचं असेल कोण जाणे म्हणून. वडील शहाणे होते असं माझं मत. पण या माणसानं म्हातारपणी तो सूड घ्यायचं ठरवलं आहे. उन्हाळाभर ते घरीच फळांच्या आइसकांड्या करतात, आणि त्यांचा फ्रीज एवढासा, त्यातही फ्रीझरचं दार तुटलेलं. म्हणून एक दिवस बाहेरच्या ओट्याशी उभे राहिले आणि म्हणाले, "टीचर, मज थोडी जागा देता का तुमच्या फ्रीझरांत? दोन टंबलरं मात्र." हिंदीच्या शिकवण्या सोडून मला इतकी वर्षं झाली तरी हे टीचरच म्हणतात. मी शेजारधर्म म्हणून हो म्हटलं, आणि दोनाची किती झाली ते मी मोजत नाही.

करण्याची पद्धत सांगते, जेवण झालं असेल तरच पुढे वाच. माझ्या नजरेआड काय घाण करतील कोण जाणे म्हणून मी त्यांना आपल्या मागच्या अंगणात, विहिरीपाशी बसवते. हाताला तेल लावून फणस फोडतात. चीक सगळीकडे. मग गरे पातेल्यात घालून हातानं कुस्करतात, मिक्सरनं तंतू मरतात म्हणे! बोटांतून तो लगदा फुसफुस बाहेर येतो, माश्या येतात, आणि मनगटावरून ओघळ कोपराकडे निघाला की हे गृहस्थ तो जिभेनं अडवतात. मी ओरडले तेव्हा म्हणाले, "वाया जाईल की, टीचर." मग नारळाचं दूध, गूळ, चिमूटभर सुंठ. आणि काड्या कसल्या, तर हिराच्या केरसुणीच्या! केरसुणी, सौम्या! मी तिथेच पदर नाकाला लावला. तर शांतपणे म्हणतात, "नवी आहे, जमीन पाहिलीच नाही तिनं." तरी मी त्या काड्या हिसकावून हळदीच्या पाण्यात उकळल्या. दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेले होते तर ताडगोळे आणि आंबेही घेऊन आले. घाण व्हायचीच आहे तर निदान फळं चांगली असावीत.

पण खरी शिसारी करण्याची नाही, खाण्याची. तू माझी मुलगी आहेस, तुला माहीत आहे आपल्या घरी पाणी कसं पितात. भांडं ओठाला लागत नाही, धार वरून. उष्ट्याला आपण तमिळमधलाच एच्चिल शब्द वापरतो आणि तो उच्चारतानाही मी तोंड वाकडं करते. पुण्यात तुम्ही सगळे एका बाटलीला तोंड लावता ते पाहून मी तुझ्याकडे आठवडाभर जवळजवळ तहानलेलीच राहिले होते, तुला बोलले नाही इतकंच. आता ही आइसकांडी बघ. तोंडात घालायची, चोखायची, बाहेर काढायची, तिच्याकडे कौतुकानं बघायचं, आणि परत तोंडात. उष्ट्यावर उष्टं! गुरुमूर्ती तर आवाज करून चोखतात, डोळे मिटून, हनुवटीवरून रस गळतो त्याची शुद्ध नसते. पहिल्या दिवशी मला दिली ती मी वाटीत काढली, विरघळू दिली आणि वरून प्याले. ते म्हणाले, "तें ऐस न्हव, टीचर, तें पानक." मी म्हटलं, मला पानकच आवडतं. रोज चार वाजता हा तमाशा. मी रोज नावं ठेवते आणि ते रोज हसतात.

माझी किळस तुला विनोद वाटत असेल. तुझ्या आजीला वाटली नव्हती. लग्न होऊन या घरात आले त्या दिवशी अप्पांचं जेवण झाल्यावर आजींनी त्यांचंच केळीचं पान माझ्यापुढे सरकवलं. नवऱ्याच्या उष्ट्या पानावर बायकोनं जेवायचं, हा घरचा रिवाज. पानावर सांबाराचा ओघळ आणि अप्पांनी चघळून टाकलेली शेवग्याची शेंग. तिचा चोथा अजून डोळ्यांपुढे आहे. मी एक घास घेतला आणि परसात जाऊन ओकले. आजी म्हणाल्या, ही नवऱ्याला किळसते, हिचा संसार काय होणार. दुसऱ्या दिवसापासून अप्पा जेवण झालं की कुणी उठायच्या आत स्वतःच पान दुमडायचे आणि गायीला नेऊन घालायचे. आजी रागवल्या तर म्हणायचे, गाय वाट बघते. असा माणूस होता तो, आणि त्यांच्याबद्दल माझी कसलीही तक्रार नाही. आमचा संसार स्वच्छ झाला, एकाचा थेंब दुसऱ्याला लागला नाही. शेवटच्या आजारात मी चमच्यानं पेज भरवायचे, तेव्हाही चमच्याला ओठ लागू नये म्हणून ते बिचारे मोठा आ करून छताकडे बघत राहायचे. मला त्रास नको म्हणून. मी तेव्हा त्यांना 'असू द्या, लागू द्या ओठ' म्हणाले नाही, कारण मला खरंच तसंच बरं वाटत होतं.

आता मंगळवारचं ऐक. भर दुपारी कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर उडाला आणि अख्ख्या गल्लीची वीज गेली. लाइनमन म्हणाला संध्याकाळपर्यंत आशा नाही. फ्रीझरमधून पिवळं पाणी ठिबकायला लागलं तशी मी गुरुमूर्तींना हाक मारली, तुमची घाण घेऊन जा. नेऊन ठेवणार कुठे? विजेविना त्यांचंही घर तसंच. शेवटी दोघं विहिरीच्या पायरीवर बसलो आणि विरघळायच्या आत संपवायला लागलो. वाटीत काढायला वेळ नव्हता. मी मान मागे टाकून कांडी तोंडाच्या वर धरली, थेंब आत पडावेत आणि ओठ लागू नये म्हणून. थेंब नाकावर, चष्म्यावर, पदरावर, सगळीकडे पडले, तोंडात सोडून. गुरुमूर्ती हसून हसून खोकायला लागले. तेवढ्यात त्या गुळगुळीत काडीवरून माझी कांडी सटकली आणि थेट विहिरीपाशच्या मोरीत.

शेवटची आंब्याची होती. मी मोरीकडे बघत राहिले असेन, कारण त्यांनी आपली पुढे केली. अर्धी चोखलेली, टोकाला दातांची खूण. मग एकदम भानावर आले, "अय्यो, एच्चिल! चुकलं, टीचर," म्हणून हात मागे घेतला. चेहरा एवढासा झाला त्यांचा. आणि सौम्या, मी तो हात धरला. काडी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि जिथे दातांची खूण होती तिथेच तोंड लावलं. सगळी खाल्ली, काडीसकट चोखली.

मग मी वाट बघत बसले. आता मळमळेल, आता उठून परसात धावावं लागेल. ते घाबरून पाण्याचा तांब्या घेऊन उभे. मळमळलं नाही. संध्याकाळी वीज आली, मी देवाला दिवा लावला, भात केला, जेवले, तरी नाही. आंबा गोड होता, सुंठ जरा जास्त झाली होती, एवढंच काय ते जाणवलं. गुरुवारी ते आले आणि पायरीवर बसून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही पुण्याला जाऊं नका. एका घरांत राहूं, रजिस्टर करून, जें तुम्ही म्हणाल तें." मी विचार करून सांगते म्हटलं. विचार कसला करायचा होता? मला फक्त तुला आधी सांगायचं होतं. मी पुण्याला येत नाही, बाळ. मी गुरुमूर्तींशी लग्न करते आहे. ते आत्ता ओट्यापाशी मोपेड सुरू करून उभे आहेत, पोस्टाची वेळ टळेल म्हणून हाका मारताहेत. हे पत्र तेच टाकणार आहेत. त्यांची शाळा सगळी तमिळ, देवनागरीचं एक अक्षर त्यांना येत नाही, त्यामुळे त्यांना द्यायचा माझा होकार तेच खिशात घालून तुझ्याकडे रवाना करताहेत, आणि तुझा फोन येईपर्यंत मी त्यांना काही सांगणार नाही. हे वाचून तुला शिसारी येईल. या वयात, आईनं, परक्या पुरुषाचं उष्टं, असं तू म्हणशील आणि पत्र लांब धरशील. धर. ती किळस माझ्याकडूनच तुझ्याकडे आली आहे, मी तुला दोष देणार नाही. माझी जायला साठ वर्षं लागली. तू एवढा वेळ लावू नकोस.

तुझीच,
आई