सुमीला पुढच्या रांगेत आणायचं

१२ जानेवारी

श्री मागाहून लिहीन. आधी तक्रार. या घरात माझ्याशी बोलायचं तर कानातली बोंडं काढून बोलावं. नात ऋजुता, पंधरा वर्षांची. मी मराठीत विचारते, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते, तेही टॅबकडे बघत. टॅबमध्ये सात जपानी मुली नाचतात. मिकान सेव्हन म्हणे. मिकान म्हणजे संत्रं. भारत सोडून इथे नेदरलँड्सला येऊन वर्षही नाही झालं आणि आमची पोरगी हातची गेली.

श्री.

संकल्प: हे वेड तिच्या डोक्यातून काढणे. शत्रूची माहिती पाहिजे म्हणून दोन गाणी बघितली.

१५ जानेवारी

आणखी गाणी बघितली. माहितीसाठीच.

मधोमध असते ती आयाका. त्या जागेला सेंटर म्हणतात. कपाळावर इतक्या झिपऱ्या की डोळे दिसत नाहीत, तरी कॅमेरा हिच्यावरच. मी तिला झिपरी म्हणते. शेवटच्या रांगेत कोपऱ्यात नात्सुमी. कामसू पोरगी. पाऊल चुकत नाही, नखरा नाही. कॅमेरा तिकडे वळला की नेमका झिपरीचा हात आडवा.

ऋजुताला विचारलं, ही सुमी मागे का? तिने टॅब खाली ठेवला. म्हणाली, आज्जी, नात्सुमी! आणि शी इज नॉट पॉप्युलर, ओके?

टॅब खाली ठेवला. वेड उतरायला लागलंय.

२१ जानेवारी, दुपारी जेवताना

जपानात रात्र होते तेव्हा इथे जेवायची वेळ. तेव्हा त्या मुली लाइव्ह येऊन गप्पा मारतात. ऋजुता शाळेत, म्हणून तिच्या वतीने मी बघते. भाषा कळत नाही, पण त्यात कळायचंय काय? झिपरी बोलते, बाकीच्या माना हलवतात. सुमी हसते तेव्हा नुसतं तोंड हसतं, डोळे नाही.

सून हिमानी आज घरून काम करत होती. मीटिंग सोडून आली. आई, कोणाला ओरडताय? माझ्या बॉसला ऐकू जातंय. म्हटलं, सुमीला. पोक काढून बसलीये, अशाने पुढे येईल का? हिमानी दार लावून गेली. पटलं असणार.

उद्यापासून बघणार नाही. कंटाळा आला.

२२ जानेवारी

बघितलं. पोक कमी आहे. माझं ऐकते.

३ फेब्रुवारी

ऋजुता शाळेतून रडत आली. कंपनीने जाहीर केलंय, युरोपातले कार्यक्रम झाले की साताच्या पाच करणार. कार्यक्रमाला आलेली माणसं आपल्या आवडत्या मुलीपुढे रांग लावून तिच्याशी हात मिळवतात; जिच्यापुढे रांग कमी, तिला घरी पाठवणार. म्हणजे सुमी गेलीच.

म्हटलं, रडतेस काय म्हशीसारखी. रॉटरडॅमला येणारेत ना? तिकीट काढ. दोन काढ, तू एकटी हरवशील. मुलगा यतीन म्हणाला, आई, तुला जायचंय तर जायचंय म्हण ना. म्हटलं, मला कसली हौस? गुडघे बघ माझे.

जांभळी साडी इस्त्री केली. प्रत्येकीचा एक रंग ठरलेला असतो, सुमीचा जांभळा. पण साडी त्यासाठी नाही. बॅगेत वरच होती.

१० फेब्रुवारी

पोरीत खोट नाही, तरी मागे. म्हणजे दृष्ट लागलीये. मीठ, मोहरी, मिरच्या टॅबवरून उतरवून तव्यावर टाकल्या. छताला लावलेला धुराचा अलार्म बोंबलला. शेजारची मारायके चप्पल न घालता धावत आली. हिमानीने सगळ्या खिडक्या उघडल्या आणि आमच्या या हूफडॉर्प गावचा सगळा वारा आत घेतला.

इतका अलार्म वाजला म्हणजे दृष्ट जबर होती. टॅबवरून पुरती निघत नाही. समोरासमोर काढावी लागेल.

७ मार्च, ट्रेनमध्ये, परत येताना

सुमीसाठी नेलेले बेसनाचे लाडू रॉटरडॅमला दारातच काढून घेतले. खाऊ चालत नाही म्हणे.

झिपरीची रांग पार दरवाज्याबाहेर. सुमीपुढे आम्ही दोघी आणि जांभळ्या टोपीतला एक टकला डच. नाक शिंकरायला पुरणार नाही इतकाच वेळ देतात. ऋजुताने माझ्याकडून घोकून घेतलेलं जपानी वाक्य ऐनवेळी पळालं. मग मराठीतच म्हटलं, पोरी, पुढे ये. किती दिवस मागे उभी राहशील? आणि तिच्या गालांवरून हात फिरवून माझ्या कानशिलांवर बोटं मोडली. कडाकड वाजली सगळी.

सुमी रडायलाच लागली. गार्डला वाटलं मी मारलं. मला काखेत धरून बाजूला केलं. ऋजुता त्याची डचमध्ये माफी मागत होती. ट्रेनमध्ये बसल्यापासून भांडतेय: आज्जी, हात फक्त मिळवायचा असतो! लाज आणलीस तू मला! अख्खं भांडण मराठीत. छान बोलते की.

सुमी रडली म्हणजे तिला पटलं. माझं काम झालं.

१४ मार्च

लाइव्हमध्ये सुमी दिसत नाही. सेंटरला यायचं तर तयारी लागतेच. मारायकेला सांगून ठेवलं, आमची मुलगी पुढे येतेय. तिने अभिनंदन केलं.

२० मार्च

सुमी अजून नाही. मोठी तयारी दिसतेय.

झिपरी मात्र नव्या नाचात कानशिलावर बोटं मोडते. शेजारच्या टेबलावरून बघत होती चोरटी! आणि तिची वाजतही नाहीत. ऋजुता म्हणते, आज्जी, सगळ्या मुली तिची कॉपी करतायत. म्हटलं, माझी करतायत.

२७ मार्च

सुमीने लिहिलंय, सगळ्यांना वाचायला. ऋजुताने अडखळत मराठीत सांगितलं.

कंपनी तिला ठेवणार होती. तीच सोडून गेली. वर्षभर घरी जावंसं वाटत होतं, धीर होत नव्हता. मग नेदरलँड्समध्ये जांभळ्या कपड्यातल्या एका आजीने तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि ठामपणे काहीतरी म्हणाली. शब्द कळले नाहीत, पण कळलं: पुरे झालं, घरी जा. आता आईच्या बेकरीत पाव भाजते. त्या आजी नक्की काय म्हणाल्या होत्या, कोणाला माहीत असेल तर कळवा, असं विचारलंय.

मी पुढे ये म्हटलं होतं.

फोटो बघितला. हाताला पीठ, पोक तसंच. डोळेही हसतायत.

मला काय त्याचं? जपानी मुलींशी माझा संबंध नाही. पण पोरीने विचारलंय, तर उत्तर गेलं पाहिजे. ते ऋजुताने लिहायचं. आज्जी घरी जा असंच म्हणाली होती, असं लिहायचं, आणि जेवतेस ना वेळेवर, तेही विचारायचं. मी एक अक्षर लिहिणार नाही. ऋजुतानेच उत्तर द्यायचं, आजच, आणि पाठवायच्या आधी मला मराठीत वाचून दाखवायचं.