खंडेनवमीचं पिस्तूल

२२ सप्टेंबर
अमेरिकेचं काम अखेर माझ्याकडे! आमच्या इथल्या आखाती कंपनीचं पिस्तूल, रिमाल-९, तिथल्या एका राज्यात विकायचं आहे. त्या राज्यात सरकारी यादीत नाव असल्याशिवाय दुकानदाराला पिस्तूल विकताच येत नाही. तिथलं सरकारी बोर्ड नमुने मागवतं, लॅबमध्ये ते पाडून बघतं, मग नाव जाहीर करतं आणि लोकांना हरकत घ्यायला महिना देतं. एवढंच. आमच्या बॉस नबिला मॅडम म्हणाल्या, नाव लागलं की तिथलं ऑफिस तुम्ही सांभाळायचं. मुग्धा त्याच राज्यात शिकते. दोन वर्षांत लेकीला फक्त स्क्रीनवर पाहिलंय. बायकोला, अनुपमाला सांगितलं, बॅगा काढ. ती म्हणाली, आधी नाव लागू दे. हिचा माझ्यावर कधीच विश्वास नव्हता.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
शस्त्रं बनवणाऱ्या कंपनीत शस्त्रपूजा नाही म्हणजे काय! जबल अली बंदराजवळच्या आमच्या स्टोअररूममध्ये गुपचूप उरकली. पिस्तुलं सांभाळणारा यहया आधी नको म्हणत होता. हबीबी हबीबी करून पटवला. त्याने पिस्तूल रिकामं असल्याचं दोनदा तपासून दिलं. हळदकुंकू वाहिलं. झेंडूची माळ घालताना ते टेबलावरून सटकलं, फरशीवर आपटलं आणि आतून टक्. यहया पांढराफटक. म्हणाला, साहेब, चापाला कुणाचा हात नव्हता, गोळी असती तर सुटली असती. इंजिनिअरला कळवू या. मी म्हटलं, कळवू की, नाव लागल्यावर. लॅबला जाणारे नमुने तेवढे तू पारखून काढ, खलास.
प्रसंगावधान म्हणतात ते हेच.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
मुग्धाचा दर शुक्रवारचा फोन. पूजेचा किस्सा रंगवून सांगितला. टक् असा आवाजसुद्धा काढून दाखवला. नमुने कसे निवडून पाठवतोय तेही सांगितलं. वाटलं, हसेल. तिने इंग्रजीत विचारलं, हे ऑफिसमध्ये कुणाला सांगितलंत का? मी म्हटलं, तुलाच तर सांगतोय. मग लगेच फोन ठेवला. परीक्षेचा ताण असणार.

१९ नोव्हेंबर
लॅबमध्ये पास! यहयाने निवडलेले नमुने कितीही पाडले तरी हूं नाही की चूं नाही. केक मागवला. यहयाने खाल्ला नाही. विचारत होता, बाकीच्यांचं काय? बाकीची म्हणजे आपण विकणार ती. ऐन आनंदात असले प्रश्न! ज्याला मी वर आणणार होतो, तोच उलटला. त्याला अमेरिकेला नेणार नाही.

२ डिसेंबर, इथल्या राष्ट्रीय दिनाची सुट्टी
बोर्डाने नाव जाहीर केलं. हरकतीची मुदत सुरू. कोण रिकामटेकडं बसलंय हरकत घ्यायला! आजपासून रोज एक तास अमेरिकन उच्चारांचा सराव.

३ डिसेंबर
घसा बसलाय. सराव उद्यापासून.

२९ डिसेंबर
दगा! मुदत संपता संपता हरकत आली. म्हणे, पडल्यावर आपोआप गोळी सुटण्याचा धोका. हरकत घेणारी व्यक्ती एम. घैसास. मॅडमनी विचारलं, हे तुमचंच आडनाव ना? मी म्हटलं, मॅडम, इंडियात दर दुसरा माणूस घैसास. कुठल्या तरी कंपनीने पैसे चारून उभा केलेला मनोहर नाहीतर मुकुंद असणार. परदेशात जाऊनही आपलीच माणसं आपले पाय ओढतात, याचं वाईट वाटतं. ऑनलाइन सुनावणी संक्रांतीला. अनुपमा म्हणाली, बोर्डाला हाच दिवस मिळाला का? मुग्धाचे तीन मिस्ड कॉल. कामात आहे, एवढंच कळवलं.

१४ जानेवारी
संध्याकाळी सातला सुनावणी. नवा निळा टाय, नव्वद दिरहॅम, म्हणजे दोन हजारांच्या वर. शेजारी मॅडम. बोर्डाच्या अध्यक्षबाईंनी हरकत घेणाऱ्याला बोलावलं. स्क्रीनवर मुग्धा.
माझी मुग्धा. शांतपणे सगळं सांगितलं तिने. पूजा, टेबल, टक्, निवडलेले नमुने. अध्यक्षबाईंनी विचारलं, तुम्हाला हे कुठून कळलं? म्हणाली, माझ्या बाबांनी सांगितलं. ते मला खोटं सांगणार नाहीत. तिकडे निळ्या टायमध्ये बसलेत, त्यांनाच विचारा.
बाईंनी विचारलं, मिस्टर घैसास, हे खरं आहे का?
चाळीस प्रश्नांची उत्तरं पाठ केली होती. त्यात हा नव्हता. मी म्हटलं, आवाज येत नाहीये. त्यांनी पुन्हा विचारलं. मी कानाकडे बोट दाखवून मान हलवली. मॅडम माझ्याकडे बघत होत्या.
मग मुग्धा सगळ्यांसमोर मराठीत म्हणाली, बाबा, तुम्हाला ऐकू येतंय.
मी लॅपटॉप मिटला.
पोटच्या पोरीने! जिला ताप आला की मी रात्रभर उशाशी बसायचो, तिने! इतकं लागलं की घरी येताना गाडी दोनदा बाजूला घ्यावी लागली.

१८ जानेवारी
रिमाल-९ यादीत नाही. इकडे इंजिनिअर आता एकेक पिस्तूल पाडून बघतायत, त्यातली बरीच टक् करतायत म्हणे. अमेरिकेचं काम मॅडमनी काढून घेतलं. यहयाशी मी बोलत नाही, तोही बोलत नाही.
आज कळलं की अनुपमाला सगळं आधीच माहीत होतं. मुग्धा मलाही सांगणार होती, ते तीन मिस्ड कॉल त्यासाठीच होते. घरातच फितुरी!
निर्णय झालाय. मुग्धाशी बोलणं कायमचं बंद. शुक्रवारी तिचा फोन आला नाही, काल नाही, आजही नाही, त्यामुळे हे तिला अजून सांगता आलेलं नाही.